पडद्यावरचे नागरिकत्व

पश्चिम आशियाचा चित्रपट मराठी रसिकांपर्यंत बहुधा महोत्सवांच्या वाटेने पोचतो, आणि येताना तो 'इराणी', 'तुर्की', 'इस्रायली' अशा तयार खणांत मांडलेला असतो. या खणांना देशांची नावे असल्यामुळे आधी देश घडला आणि मग त्या देशाने चित्रपट काढले, असे नकळत गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. इजिप्तला ब्रिटिशांकडून मर्यादित स्वातंत्र्य मिळाले १९२२ मध्ये, तुर्कस्तान प्रजासत्ताक झाले १९२३ मध्ये, पर्शियाने आपल्याला इराण म्हणावे अशी विनंती जगाला केली १९३५ मध्ये आणि इस्रायलची स्थापना झाली १९४८ मध्ये. म्हणजे आजची ही राज्ये आणि चित्रपटाची कला जवळजवळ एकाच काळात वाढली. ज्या समाजांत बहुसंख्य लोकांना लिहिता-वाचता येत नव्हते, तिथे 'आपण कोण' याचे उत्तर लोकांसमोर ठेवण्यासाठी पडद्याइतके सोयीचे साधन राज्यकर्त्यांजवळ दुसरे नव्हते, आणि त्यांनी ते सढळपणे वापरले.

अशा अधिकृत चित्रात सर्वांना जागा मिळत नाही. तुर्कस्तानातील कुर्द, अरब देशांतून इस्रायलमध्ये आलेले ज्यू, इस्रायलचे नागरिक असलेले पॅलेस्टिनी, इराणच्या दक्षिणेकडील अरबीभाषक आणि अरब, तुर्की, इस्रायली व इराणी अशा चारही समाजांतील स्त्रिया यांचे स्थान एकतर कडेला ठेवले गेले किंवा त्यांच्या वतीने दुसऱ्यांनीच बोलून घेतले. या प्रदेशातील चित्रपटाचा इतिहास म्हणजे या वगळलेल्या माणसांनी पडद्यावर आपले नागरिकत्व मागण्याचा इतिहास आहे, आणि त्याची एक सुरुवात मुंबईत सापडते.

मुंबईत जन्मलेला फारसी बोलपट

'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाचे निर्माते-दिग्दर्शक अर्देशिर इराणी हे पुण्यात जन्मलेले झरतुष्ट्री. त्यांच्या मुंबईतील इंपीरियल फिल्म कंपनीतच फारसी भाषेतील पहिला बोलपट, 'दोख्तर-ए-लोर' म्हणजे 'लोर जमातीची मुलगी', तयार झाला आणि १९३३ मध्ये तेहरानमध्ये झळकला. त्याची पटकथा लिहिणारे आणि त्यात नायकाची भूमिका करणारे अब्दुलहुसेन सेपंता हे प्राचीन इराणी संस्कृतीच्या अभ्यासासाठी भारतात आलेले होते. लुटारूंनी लहानपणी पळवलेली गुलनार आणि सरकारी कामगिरीवर निघालेला जाफर यांची ही प्रेमकथा आहे. दोघे लुटारूंच्या तावडीतून निसटून मुंबईला येतात आणि इराणमध्ये नवी, सुव्यवस्थित राजवट आल्याचे कळल्यावर मायदेशी परततात. चित्रपटाला 'कालचा इराण आणि आजचा इराण' अशा अर्थाचे दुसरे नावही दिलेले होते, त्यामुळे रेझा शाह पहलवीच्या राजवटीची ही प्रशस्ती आहे हे प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नव्हते. फारसी बोलपट अशा रीतीने पहिल्याच पावलाला प्रेमकथा आणि राज्यकथा एकत्र बांधूनच आला.

या प्रशस्तीची किंमत मात्र नायिकेने मोजली. रुहअंगीझ सामीनेझाद यांचे पती इंपीरियल कंपनीत काम करत होते आणि भूमिकेसाठी फारसी बोलणारी दुसरी स्त्री मिळत नसल्याने ती त्यांच्याकडे आली. पडद्यावर दिसणारी मुसलमान इराणी स्त्री हा त्या काळात इतका मोठा अपराध ठरला की त्यांना उघड उपद्रव सोसावा लागला आणि पुढे त्यांनी अभिनय सोडून अज्ञातवास पत्करला. त्यानंतर तीनच वर्षांत, १९३६ मध्ये, रेझा शाहने स्त्रियांच्या चादरीवर सक्तीची बंदी घातली. इस्लामी प्रजासत्ताकाने १९८३ मध्ये डोके झाकण्याची सक्ती कायद्याने केली. दोन परस्परविरोधी राजवटींनी राष्ट्राची ओळख स्त्रीच्या डोक्यावरच लिहिली, आणि इराणी चित्रपटाची निम्मी व्याकरणपद्धती त्यातूनच ठरली.

सेपंता यांनी भारतात आणखी काही फारसी बोलपट केले. त्यांपैकी 'लैली व मजनून' कलकत्त्यात तयार झाला. १९३६ मध्ये ते इराणला परतले ते तिथे चित्रपटनिर्मिती रुजवण्याच्या उमेदीने. पण त्यांना ना सरकारने हात दिला ना भांडवलदारांनी, आणि इराणच्या भूमीवर कथाबोलपट तयार व्हायला १९४८ साल उजाडावे लागले.

कैरो: अरबत्वाचा कारखाना

अरब जगात चित्रपटाला उद्योगाचे रूप प्रथम इजिप्तमध्ये आले. तलअत हर्ब या अर्थतज्ज्ञाने १९२० मध्ये इजिप्शियन भांडवलावर चालणारी मिस्र बँक स्थापन केली आणि त्याच बँकेच्या आधारावर १९३५ मध्ये 'स्टुडिओ मिस्र' उभा राहिला. कापूस आणि कापडाप्रमाणे चित्रपटही देशी मालकीचा असावा, हा त्यामागील हेतू होता. प्रत्यक्षात या देशी उद्योगातले कलावंत आणि तंत्रज्ञ नाना वंशांचे आणि धर्मांचे होते: स्टुडिओचा पहिला चित्रपट 'विदाद' उम्म कुलसूम या गायिकेला घेऊन एका जर्मन दिग्दर्शकाने केला, अलेक्झांड्रियाचे ज्यू दिग्दर्शक तोगो मिझराही यांनी लोकप्रिय विनोदी आणि संगीतप्रधान चित्रपटांची मालिका दिली आणि लैला मुराद या ज्यू घराण्यातल्या गायिकेने अरब जगाला वेड लावले. कैरोच्या बोलीला मोरोक्कोपासून इराकपर्यंतच्या प्रेक्षकांच्या कानांत जागा मिळाली ती याच चित्रपटांमुळे. ज्या अरबी ऐक्याची भाषणे राजकीय पुढारी पुढे करू लागले, त्याचा भाषिक पाया चित्रपटगृहांनी आधीच घातलेला होता.

१९४८ चे युद्ध आणि १९५२ ची लष्करी क्रांती यांनंतर या बहुरंगी उद्योगाला एकच रंग देण्याचे प्रयत्न सुरू झाले. लैला मुराद यांनी १९४० च्या दशकातच इस्लाम स्वीकारला होता, तरी त्यांनी इस्रायलला देणगी दिल्याची अफवा १९५२ मध्ये पसरली, सीरियात त्यांच्या गाण्यांवर बंदी आली आणि चौकशीत त्या निर्दोष ठरल्या तरी काही वर्षांतच त्यांनी पडदा सोडला. गमाल अब्देल नासेर यांच्या राजवटीने १९६० च्या दशकाच्या आरंभी चित्रपटउद्योगाचा मोठा भाग सरकारी महामंडळाच्या हाती दिला. पुढे नोबेल मिळवणारे कादंबरीकार नजीब महफूझ याच काळात एकीकडे पटकथा लिहीत होते आणि दुसरीकडे सरकारच्या सेन्सॉर विभागात अधिकारपदही सांभाळत होते. लेखक आणि राज्य यांच्यातील सीमारेषा किती पुसट झाली होती, याचा हा पुरावा होय.

नासेरवादी अरबत्वाचे सर्वांत भव्य चित्र म्हणजे युसूफ शाहीन यांचा १९६३ मधील 'अल-नासिर सलाह अद-दीन'. धर्मयुद्धांच्या काळात जेरुसलेम जिंकणारा सुलतान सलादिन त्यात विखुरलेल्या अरबांना एकत्र आणणारा नेता म्हणून येतो आणि त्याच्या पदवीतल्या 'नासिर' या शब्दाचा रोख प्रेक्षकाच्या ध्यानात यावा अशीच रचना आहे. इतिहासातील सलादिन वंशाने कुर्द होता, ही गोष्ट चित्रपट बाजूला ठेवतो. मात्र इतिहासात मुसलमान असलेल्या ईसा या पाणबुड्या वीराला तो ख्रिस्ती अरब करतो. शाहीन स्वतः अलेक्झांड्रियाच्या ख्रिस्ती कुटुंबातले, वडिलांकडून लेबनीज वंशाचे होते हे लक्षात घेतले, तर या बदलातील मागणी स्पष्ट होते. अरबत्व ही धर्माची नव्हे तर भाषेची आणि भूमीची ओळख असेल, तरच शाहीन यांच्यासारख्यांना त्यात स्थान होते. अधिकृत चित्र रंगवतानाच त्याची चौकट थोडी रुंद करून घेण्याचे हे कौशल्य आहे.

१९६७ च्या पराभवाने ती चौकटच मोडली. शाहीन यांनी पराभवाची कारणे देशातील भ्रष्टाचारात शोधणारा 'अल-उस्फूर' म्हणजे 'चिमणी' हा चित्रपट १९७२ मध्ये केला, तो दोन वर्षे अडकून पडला. पुढे 'इस्कंदरिया... लेह?' म्हणजे 'अलेक्झांड्रिया... का?' या आत्मचरित्रात्मक चित्रपटात त्यांनी १९४२ मधील आपले शहर उभे केले, त्यात ज्यू कुटुंबही सहानुभूतीने दाखवले आणि १९७९ मध्ये बर्लिन महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले. इजिप्त-इस्रायल करार त्याच सुमारास झाल्यामुळे अनेक अरब टीकाकारांनी या आठवणीला राजकीय शरणागती मानले. एका शहराची संमिश्र स्मृती जपणे आणि शेजारी राज्याच्या धोरणाला मान्यता देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या तापलेल्या वातावरणात ऐकून घेतले गेले नाही.

पुढच्या काळात बंदीपेक्षा पैशाने अधिक काम केले. तेलसंपन्न आखाती देशांचे भांडवल उपग्रहवाहिन्यांमार्गे निर्मितीत आले, तेव्हा पडद्यावर काय दाखवावे याविषयीची त्यांची मतेही सोबत आली. खुद्द सौदी अरेबियात १९८० च्या दशकापासून चित्रपटगृहे नव्हती. हैफा अल-मन्सूर यांनी 'वजदा' या चित्रपटाचे रियाधमधील बाह्यचित्रण २०१२ पूर्वी गाडीत बसून वॉकीटॉकीवरून केले, कारण रस्त्यावर परपुरुषांना सूचना देणारी स्त्री समाजाला चालणार नव्हती. २०१८ च्या एप्रिलमध्ये रियाधला पुन्हा चित्रपटगृह उघडले ते लोकमताच्या रेट्याने नव्हे, तर राजपुत्राच्या आर्थिक धोरणाचा भाग म्हणून.

तुर्कस्तान: एक भाषा, एक राष्ट्र

मुस्तफा कमाल यांच्या प्रजासत्ताकाने लिपी, पोशाख आणि कायदा बदलला, आणि तुर्की भाषा हीच राष्ट्राची एकमेव ओळख ठरवली. अशा वेळी १९३० च्या दशकाच्या अखेरीस इजिप्शियन संगीतपटांनी इस्तंबूलमध्ये गर्दी खेचली, तेव्हा राज्यकर्त्यांना त्यातली अरबी गाणी खुपू लागली आणि त्यांच्या जागी तुर्की रचना घालून ते चित्रपट दाखवले जाऊ लागले. प्रेक्षकांची आवड मात्र हुकमाने बदलत नाही. पूर्वेकडच्या सुरांची तहान पुढे 'अरबेस्क' या तुर्की संगीतप्रकाराने भागवली आणि १९५० च्या दशकात राज कपूर यांच्या 'आवारा'नेही. हा चित्रपट तुर्कस्तानात इतका लोकप्रिय झाला की १९६४ मध्ये त्याची तुर्की आवृत्ती निघाली.

इस्तंबूलच्या बेयोलू भागातील ज्या गल्लीत निर्मात्यांची कार्यालये होती तिच्या नावावरून तुर्की व्यावसायिक चित्रपटसृष्टीला 'येशिलचाम' म्हणतात. १९७० च्या दशकाच्या आरंभी तिथे वर्षाला ३०० च्या आसपास चित्रपट निघत. १९३९ च्या नियमावलीनुसार पटकथा आधीच सरकारी समितीपुढे ठेवावी लागे, आणि त्या समितीत पोलिसांचे प्रतिनिधी बसत. खेड्यातून शहरात आलेला गरीब आणि शहरातला श्रीमंत यांची कथा या व्यवस्थेत सांगता येत होती; तो गरीब कुर्द आहे, हे सांगता येत नव्हते.

ही कोंडी यिल्माझ ग्युने यांच्या कारकिर्दीत सर्वांत तीव्र झाली. कुर्द शेतमजुराच्या घरात १९३७ मध्ये जन्मलेला हा नट 'कुरूप राजा' या टोपणनावाने लोकप्रिय झाला आणि १९७० मधील 'उमुत' म्हणजे 'आशा' या चित्रपटाने त्याने तुर्की वास्तववादाचा पाया घातला. १९७४ मध्ये एका न्यायाधीशाच्या हत्येवरून त्यांना दीर्घ कारावासाची शिक्षा झाली. तुरुंगातून पटकथा आणि बारकाईच्या सूचना पाठवून त्यांनी झेकी ओक्तेन यांच्याकडून 'स्युरु' म्हणजे 'कळप' आणि शरीफ ग्योरेन यांच्याकडून 'योल' म्हणजे 'वाट' हे चित्रपट करून घेतले. १९८० च्या लष्करी उठावानंतर ते १९८१ मध्ये निसटले, 'योल'चे संकलन स्वित्झर्लंडमध्ये झाले आणि १९८२ मध्ये कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला. रजेवर घरी निघालेल्या पाच कैद्यांची ही कथा तुरुंगाबाहेरचा देशही तुरुंगच आहे हे दाखवते; पण तिच्यातील सर्वांत धाडसी गोष्ट होती ती एका ठिकाणी पडद्यावर उमटलेले 'कुर्दिस्तान' हे प्रदेशनाम. ग्युने यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले, १९८४ मध्ये वयाच्या ४७ व्या वर्षी ते पॅरिसमध्ये वारले, आणि 'योल' तुर्कस्तानात अधिकृतपणे दाखवला गेला १९९९ मध्ये, तोही ते नाव वगळून.

कुर्द भाषेच्या वापरावरचा १९८३ चा कायदा १९९१ मध्ये रद्द झाल्यावर वातावरण थोडे सैल झाले. येशिम उस्ताओलू यांच्या १९९९ मधील 'ग्युनेशे योल्जुलुक' म्हणजे 'सूर्याकडे प्रवास' या चित्रपटात पश्चिम तुर्कस्तानातून आलेला तरुण केवळ सावळ्या वर्णामुळे कुर्द समजला जातो, पोलिसांच्या हाती सापडतो, घर आणि नोकरी गमावतो. ओळख ही माणसाची स्वतःची गोष्ट नसून त्याच्याकडे पाहणाऱ्याने लादलेली असते, हे विधान एवढ्या साधेपणाने क्वचितच मांडले गेले असेल. नुरी बिल्गे जेलान यांनी हाच अस्वस्थपणा अनातोलियाच्या शिक्षित मध्यमवर्गाच्या मौनात शोधला, आणि २०१४ मध्ये 'किश उयकुसू' म्हणजे 'हिवाळी झोप' या चित्रपटाने कानचा सर्वोच्च पुरस्कार तुर्कस्तानला दुसऱ्यांदा मिळवून दिला. त्याच देशात २०२३ मध्ये, उठावाच्या फसलेल्या प्रयत्नानंतर वटहुकमाने बडतर्फ झालेल्यांवरील एका माहितीपटावरून वाद पेटला आणि अंतल्याचा जुना राष्ट्रीय महोत्सवच रद्द करावा लागला.

दूरचित्रवाणी मालिकांनी तुर्की अस्मितेला दुसरीच दिशा दिली. 'ग्युमुश' ही मालिका सीरियन बोलीत 'नूर' नावाने २००८ मध्ये अरब वाहिनीवर आली आणि शतकभर तुर्कांकडे परके सत्ताधारी म्हणून पाहणाऱ्या अरब घरांत तुर्की नायक-नायिका नांदू लागले. २०१० च्या जानेवारीत 'कुर्तलर वादिसी' म्हणजे 'लांडग्यांची दरी' या तुर्की मालिकेतील इस्रायलच्या चित्रणावरून तेथील उपपरराष्ट्रमंत्र्यांनी तुर्की राजदूताला मुद्दाम खालच्या आसनावर बसवून जाब विचारला आणि प्रकरण इस्रायलच्या माफीपर्यंत गेले. मालिका आणि मुत्सद्देगिरी एकमेकींत मिसळल्याचे याहून ठळक उदाहरण या प्रदेशात नाही.

इस्रायल आणि पॅलेस्टाईन: एकाच भूमीचे दोन पडदे

राज्य स्थापन होण्यापूर्वीचा आणि नंतरच्या पहिल्या दशकाचा हिब्रू चित्रपट वाळवंट फुलवणारा नवा ज्यू माणूस घडवण्यात गुंतलेला होता. युरोपातून आलेले अश्केनाझी ज्यू हा त्या माणसाचा नमुना होता. पण १९५० च्या दशकात इराक, येमेन, मोरोक्को, इराण अशा देशांतून लाखो ज्यू आले, त्यांना 'मिझराही' म्हणजे पूर्वेकडचे म्हटले गेले, आणि त्यांची मातृभाषा बहुधा अरबी, म्हणजे नव्या राज्याच्या दृष्टीने शत्रूची भाषा होती. एफ्राइम किशोन यांच्या १९६४ मधील 'सल्लाह शबाती' या विनोदी चित्रपटात निर्वासितांच्या छावणीत राहणारा आळशी पण चतुर मिझराही बाप नोकरशाहीची खिल्ली उडवतो. चित्रपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला; मात्र नायकाची भूमिका करणारा खाईम तोपोल आणि लेखक-दिग्दर्शक किशोन हे दोघेही अश्केनाझी होते. याच वाटेने निघालेल्या स्वस्त, लोकप्रिय विनोदपटांच्या लाटेला 'बुरेकास' या खाऱ्या, भरलेल्या पदार्थाचे नाव चिकटले. इराकी ज्यू कुटुंबातल्या अभ्यासक एला शोहात यांनी १९८९ मधील आपल्या पुस्तकात हा चित्रपट पूर्व आणि पश्चिम यांच्यातील सत्तासंबंधाच्या चौकटीत तपासला, तेव्हा इस्रायलमध्ये मोठा रोष उसळला. आज त्याच विवेचनाखेरीज या विषयाचा अभ्यास सुरू होत नाही.

मराठी वाचकाला या कथेत एक ओळखीचा धागा सापडेल. कोकण आणि मुंबईतून गेलेले मराठीभाषक बेने इस्रायल याच काळात तिथे पोचले आणि त्यांचे ज्यू असणेच धर्मगुरूंनी शंकास्पद ठरवल्याने १९६० च्या दशकात त्यांना विवाहाच्या हक्कासाठी आंदोलन करावे लागले. आवी नेशेर यांच्या २००४ मधील 'सोफ हाओलाम स्मोला' या चित्रपटात नेगेव वाळवंटाच्या कडेच्या वसाहतीत भारतीय आणि मोरोक्कन ज्यू कुटुंबे शेजारी येतात, एकमेकांना कमी लेखतात, आणि त्यांच्यातील तडजोडीत क्रिकेटचा सामनाही येतो. भारतीय बापाच्या भूमिकेत मुंबईचे परमीत सेठी आहेत. उतरंडीत सर्वांत खाली ढकललेले दोन गट परस्परांशीच स्पर्धा कसे करतात, याचे ते हसतखेळत केलेले पण अचूक चित्रण आहे.

एरन कोलिरिन यांच्या २००७ मधील 'बिकुर हातिझमोरेत' म्हणजे 'वाद्यवृंदाची भेट' या चित्रपटात अलेक्झांड्रियाचे पोलीस वाद्यपथक चुकून इस्रायलच्या एका आडगावी पोचते. पथकप्रमुखाची भूमिका करणारे सासोन गबाय बगदादमध्ये जन्मलेले, तर त्याला आसरा देणारी रोनित एल्काबेत्झ मोरोक्कन ज्यू घरातली. इस्रायली दूरचित्रवाणीवर दर शुक्रवारी दाखवले जाणारे इजिप्शियन चित्रपट आणि त्यांतले प्रेमी हा दोघांचा सामाईक ठेवा ठरतो. लैला मुराद यांच्या काळात तोडलेला धागा असा पुन्हा हाती येतो. संवादांत इंग्रजीचे प्रमाण अधिक असल्याने हा चित्रपट ऑस्करच्या परभाषी विभागातून बाद झाला. दोन शेजाऱ्यांना एकमेकांशी बोलण्यासाठी तिसऱ्याची भाषा घ्यावी लागते हेच चित्रपटाचे म्हणणे होते, आणि नियमाने नेमक्या त्याच म्हणण्याला अपात्र ठरवले.

पॅलेस्टिनी चित्रपटाचा आरंभ निर्वासितपणातून झाला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अम्मानमध्ये सुरू झालेले आणि पुढे बैरुतला गेलेले चित्रपटपथक छावण्यांचे आणि लढ्याचे चित्रण करत होते. त्याचा संग्रह १९८२ च्या इस्रायली आक्रमणाच्या धामधुमीत नाहीसा झाला, आणि राज्य नसलेल्या समाजाकडे आपली चित्रे सांभाळायलाही जागा नसते हे सिद्ध झाले. नाझरेथचे मिशेल खलेफी यांच्या १९८७ मधील 'उर्स अल-जलील' म्हणजे 'गॅलिलीतले लग्न' या चित्रपटात संचारबंदीतही मुलाचे लग्न थाटात व्हावे म्हणून गावचा प्रमुख लष्करी प्रशासकाची अट मान्य करतो आणि त्याला पाहुणा म्हणून बोलावतो. याच शहरातल्या एलिया सुलेमान यांनी आपल्या चित्रपटांत स्वतःच एक अबोल पात्र म्हणून वावरत तपासणीनाक्यांच्या जगातील विसंगती टिपली. हानी अबू असद यांच्या २००५ मधील 'अल-जन्ना अल-आन' म्हणजे 'स्वर्ग आता' या चित्रपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले, तेव्हा देशाच्या रकान्यात 'पॅलेस्टाईन' लिहायचे की आणखी काही, यावर चित्रपटापेक्षा अधिक चर्चा झाली.

दुसरीकडे इस्रायलच्या सरकारी निधीवर तयार झालेले अनेक चित्रपट त्याच सरकारचे कठोर टीकाकार ठरले. आरी फोल्मान यांच्या 'व्हॉल्स इम बशीर'ने (२००८) लेबनॉन युद्धातील सैनिकाच्या विस्मृतीचा शोध घेतला, तर स्कंदर कोप्ती या पॅलेस्टिनी आणि यारोन शानी या ज्यू दिग्दर्शकाच्या 'अजामी'ने (२००९) याफातील एका वस्तीच्या हिंसेचा. 'अजामी' इस्रायलचा चित्रपट म्हणून ऑस्करला गेला, परंतु आपण इस्रायलचे प्रतिनिधित्व करत नसल्याचे कोप्ती यांनी जाहीरपणे सांगितले. २०२५ च्या मार्चमध्ये सर्वोत्तम माहितीपटाचे ऑस्कर मिळवणारा 'नो अदर लँड' दोन पॅलेस्टिनी आणि दोन इस्रायली दिग्दर्शकांनी मिळून केलेला होता. वेस्ट बँकेतील मसाफर यत्ता भागातील घरांच्या पाडापाडीचे चित्रण करणाऱ्या या चित्रपटाला अमेरिकेत मोठा वितरक मिळाला नाही आणि इस्रायलच्या संस्कृतिमंत्र्यांनी पुरस्काराचा निषेध केला.

इराण: बंदी आणि तिची मर्यादा

क्रांतिपूर्व इराणमध्ये चित्रपटगृह हे शाहाच्या पाश्चात्त्य धाटणीचे प्रतीक मानले जाई. १९७८ च्या ऑगस्टमध्ये आबादान येथील रेक्स चित्रपटगृहाला आग लावली गेली आणि शेकडो प्रेक्षक होरपळून मेले. या घटनेने क्रांतीच्या ज्वाळेत तेल ओतले. तरीही नव्या राजवटीने चित्रपटाचा त्याग केला नाही. आयातुल्ला खोमेनी यांनी परतल्याच्या दिवशीच्या भाषणात आपला विरोध चित्रपटाला नसून त्याच्या अनैतिक वापराला असल्याचे स्पष्ट केले, आणि १९८३ मध्ये स्थापन झालेल्या फाराबी प्रतिष्ठानाने परवानगी, अर्थसाहाय्य आणि वितरण यांची एकच साखळी उभी केली.

या साखळीतील सर्वांत अवघड कडी स्त्रीच्या चित्रणाची होती. चित्रपटातली पत्नी घरात नवऱ्यासमोरही डोके झाकूनच वावरली पाहिजे, कारण तिच्याकडे परके प्रेक्षक पाहत असतात, या नियमामुळे घराच्या आतला संसार पडद्यावर खरा वाटेनासा झाला. अनेक दिग्दर्शक त्यामुळे घराबाहेर, रस्त्यावर आणि मुलांच्या जगात गेले. त्यासाठी पूर्वतयारी होती: १९६५ मध्ये स्थापन झालेल्या 'कानून' या बालविकास संस्थेच्या चित्रपटविभागात अब्बास किआरोस्तामी यांनी आपली शैली घडवली होती आणि १९८७ मधील 'खाने-ये दुस्त कोजास्त' म्हणजे 'मित्राचे घर कुठे आहे' हा चित्रपट त्याच संस्थेचा होता.

अस्मितेच्या दृष्टीने मात्र त्या काळातली श्रेष्ठ कृती बहराम बेझाई यांची 'बाशू, गरीबे-ये कुचक' म्हणजे 'बाशू, छोटा परका' हीच मानावी लागेल. इराकशी चाललेल्या युद्धात आईवडील गमावलेला, सावळा, अरबी बोलणारा दक्षिणेकडचा मुलगा उत्तरेच्या गिलान प्रांतात पोचतो आणि गिलकी बोलणाऱ्या नाई या शेतकरी स्त्रीच्या आश्रयाला येतो. दोघांना एकमेकांची बोली कळत नाही. गावकरी त्याचा वर्ण पाहून नाके मुरडतात. आणि शाळेच्या क्रमिक पुस्तकातल्या फारसी वाक्यांवर दोघांचा संवाद सुरू होतो. राष्ट्रभाषेचे ऐक्यसाधक रूप चित्रपट मान्य करतो, परंतु ते ऐक्य वंशशुद्धीच्या कल्पनेला छेद दिल्यावरच शक्य आहे हेही बजावतो. १९८६ मध्ये तयार झालेला हा चित्रपट १९८९ पर्यंत प्रदर्शित होऊ शकला नाही. नाईची भूमिका करणाऱ्या सुसान तस्लिमी त्यानंतर देश सोडून स्वीडनला गेल्या आणि पुढे बेझाईही अमेरिकेत जाऊन अध्यापन करू लागले.

जाफर पनाही यांच्यावर २०१० मध्ये सहा वर्षांच्या कैदेबरोबर वीस वर्षे चित्रपट न करण्याचे बंधन लादले गेले, आणि तेव्हापासून त्यांनी घरात, टॅक्सीत, सीमेवरच्या खेड्यात चोरून चित्रण करत चित्रपट केले. त्यांपैकी 'टॅक्सी'ला २०१५ मध्ये बर्लिनचे सुवर्ण अस्वल आणि 'येक तसादोफ-ए सादे' म्हणजे 'एक साधा अपघात' या चित्रपटाला २०२५ मध्ये कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. महसा अमिनी यांच्या २०२२ मधील कोठडीतील मृत्यूनंतर उसळलेल्या आंदोलनाने अभिनेत्रींनाही बळ दिले, आणि डोके न झाकता काम करणाऱ्या स्त्रिया परवान्याविना तयार होणाऱ्या चित्रपटांत दिसू लागल्या. मोहम्मद रसूलोफ यांना २०२४ मध्ये आठ वर्षांची कैद आणि फटक्यांची शिक्षा झाल्यावर ते डोंगरवाटेने पायी सीमा ओलांडून गेले. त्यांचा 'दाने-ये अंजीर-ए माआबेद' म्हणजे 'पवित्र अंजिराचे बीज' हा फारसी चित्रपट ऑस्करला जर्मनीच्या नावाने गेला, तर पनाही यांचा चित्रपट फ्रान्सच्या नावाने. फारसीतला पहिला बोलपट मुंबईच्या भांडवलावर निघाला होता, नव्वद वर्षांनंतर त्याच भाषेतले श्रेष्ठ चित्रपट युरोपच्या पारपत्रावर फिरत आहेत.

चित्रपट कोणाचा?

हा प्रश्न गोव्यातही ऐकू आला आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पणजीतील भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या समारोपात परीक्षक मंडळाचे अध्यक्ष नदाव लापिद यांनी 'द कश्मीर फाइल्स'ला प्रचारकी ठरवले आणि दुसऱ्याच दिवशी इस्रायलच्या राजदूतांनी जाहीर पत्र लिहून आपल्याच देशाच्या या दिग्दर्शकाला खडसावले. लापिद यांनी स्वतःच्या देशातील सांस्कृतिक नियंत्रणावर 'हाबेरेख' म्हणजे 'गुडघा' (२०२१) हा कडवट चित्रपट आधीच केलेला होता, हे त्या गदारोळात फार थोड्यांच्या ध्यानात आले. त्यांचे मत बरोबर की चूक याहून महत्त्वाचे असे की कलावंत हा देशाचा प्रवक्ता असतो, हे गृहीतक दोन्ही बाजूंनी सारख्याच सहजतेने स्वीकारले.

चारही संस्कृतींच्या या इतिहासातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की राष्ट्राचे एकरंगी चित्र काढण्याचे काम सर्वच राजवटींनी, मग त्या राजेशाही असोत, लष्करी असोत, धर्माधिष्ठित असोत की निवडून आलेल्या असोत, कमीअधिक प्रमाणात केले आहे. फरक आहे तो शिक्षेचा. निधी रोखणे आणि तुरुंगात टाकणे यांना एका मापाने मोजता येत नाही, तसेच निधी रोखणे हा दबावच नव्हे असेही म्हणता येत नाही. दुसरा निष्कर्ष बंदीच्या कौतुकाविषयी आहे. सेन्सॉरमुळेच इराणी चित्रपट काव्यमय झाला, असे मत रसिकांच्या चर्चेत वारंवार मांडले जाते, आणि ते तपासून पाहिले तर टिकत नाही. किआरोस्तामी यांची शैली क्रांतीपूर्वीच आकार घेऊ लागली होती. आणि बंदीने जे दिले त्याची नोंद पुरस्कारांच्या यादीत सापडत असली, तरी तिने जे हिरावले त्याची नोंद कुठेच नाही. रुहअंगीझ यांचे अज्ञातजीवन, सेपंता यांची अर्धवट राहिलेली कारकीर्द, लैला मुराद यांची अकाली निवृत्ती, ग्युने यांचा परदेशातील मृत्यू, तस्लिमी यांचे स्थलांतर आणि बैरुतमध्ये हरवलेली चित्रफीत हा त्या न लिहिलेल्या यादीचा फक्त आरंभ आहे.

महाराष्ट्रात फिल्म सोसायट्यांची परंपरा जुनी आहे आणि पुणे-मुंबईच्या महोत्सवांत या देशांचे चित्रपट आवर्जून दाखवले जातात. ते पाहताना कोणत्या देशाचा आणि कोणत्या पुरस्काराचा, एवढ्यावर न थांबता, पडद्यावर कोणती भाषा बोलली जाते, ती बोलण्याची मुभा कोणाला नाही, पैसा कोणाचा आहे आणि हा चित्रपट त्याच्या स्वतःच्या गावात दाखवता येतो की नाही, हे चार प्रश्न प्रेक्षकाने विचारावेत. आणि मग तेच प्रश्न आपल्या भाषेतल्या, आपल्या देशातल्या चित्रपटांनाही तितक्याच काटेकोरपणे लावावेत.